जिवंत माणसाचा शोकप्रस्ताव

मित्रांनो, मी एक जुना शोकप्रस्ताव आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे, आणि माझ्या पाठीमागे पालींचं एक कुटुंब गेली काही वर्षं भाडं न देता राहतं. पण अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं, आणि प्रांताचा उठावाचा शिक्का बोट फिरवलं तर अजून जाणवतो.

आमच्या जातीला आयुष्य फार थोडं असतं. सोमवारी सकाळी टंकलेखन, दुपारी सभागृहात एकमताने संमती, संध्याकाळी मयताच्या घरी वाचन. त्यानंतर घरातली माणसं आम्हाला भिंतीवर टांगतात किंवा कपाटावर ठेवतात, आणि विसरतात. त्यांचंही चूक नाही. त्यांच्याकडे रडायला दुसरी कारणं असतात.

माझं मात्र तसं झालं नाही. ज्या माणसाच्या मरणामुळे माझा जन्म झाला, तो मेलाच नव्हता. त्यामुळे मलाही वेळेवर संपता आलं नाही.

माझे जनक बोकाल पोरोंग. प्रांतमंडळाच्या सभासदाला आमच्याकडे बोकाल म्हणतात. पोर्फिरियो तालाबोक हे त्यांचं पूर्ण नाव. पण ते फक्त मतपत्रिकेवर वापरायचं. राजकारणात येण्यापूर्वी ते रेडिओवर निधनवार्ता वाचत. रोज दुपारी जेवणाच्या वेळी त्यांचा भरदार आवाज घराघरांत यायचा, आणि लोक घास थांबवून ऐकायचे. ते निवडणुकीला उभे राहिले तेव्हा लोकांनी मतं दिली, ती त्यांच्या जाहीरनाम्याला दिली नाहीत. याने आमच्या आईचं नाव नीट घेतलं होतं, एवढंच लोकांना आठवत होतं.

सभागृहात त्यांनी काय केलं? बाकीच्या बोकालांच्या नावावर पूल होते, रस्ते होते, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी होती, आणि त्या बंदीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाटले गेले होते. बोकाल पोरोंग यांच्या नावावर शोकप्रस्ताव होते. समितीच्या बैठकीत ते डुलक्या घेत, अर्थसंकल्पाच्या दिवशी वर्तमानपत्र वाचत; पण प्रांतात कुठे कुणी गेल्याचं कळलं की जागे होत.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. इतरांचे शोकप्रस्ताव छापील नमुन्यावर असत. फक्त नाव बदलायचं, आणि एकदोनदा तेही बदलायचं राहून गेलं होतं. बोकाल पोरोंग स्वतः त्या घरी जात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसत, बिस्किट कॉफीत बुडवत आणि एकच प्रश्न विचारत, "माणूस कसा होता?" जे कळेल ते ठरावात घालत. "ज्याअर्थी अमुक माणूस असा होता, ज्याअर्थी तो तसा होता, त्याअर्थी हे मंडळ असा ठराव करते की..." अशी आमची भाषा असते. तुम्हाला ती किचकट वाटेल. पण किचकट भाषेत कुणाचं कौतुक केलं की ते खरं वाटतं.

आता अम्बोबद्दल.

अम्ब्रोसियो लाबानोन हा पुन्ता लुमायाग गावचा कोळी. मासे धरायचा आणि लोकांच्या होड्या दुरुस्त करायचा. घर खांबांवर उभं, वर जायला लाकडी शिडी. बायकोचं नाव सिदाय. सिदाय गावात तिच्या तोंडासाठी प्रसिद्ध होती. अम्बो समुद्रावरून आला की तिचा आवाज किनाऱ्यापर्यंत ऐकू यायचा, आणि इतर कोळ्यांना तेवढ्यावरून कळायचं की अम्बो सुखरूप पोचला.

एका वादळात अम्बोची होडी उलटी सापडली. अम्बो सापडला नाही. तीन दिवस शोधलं, मग टेबलावर त्याचा फोटो ठेवून मेणबत्त्या लावल्या आणि नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केली. आमच्याकडे मृताच्या घरी रात्रंदिवस जाग असते. माणसं पत्ते खेळतात, हसतात, कॉफी पितात, म्हणजे घर रिकामं वाटत नाही. देह नसला तरी पत्ते होतेच.

बोकाल पोरोंग प्रार्थनेच्या तिसऱ्या दिवशी आले. मी तेव्हा जन्मलो नव्हतो; पण माझी वाक्यं त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात तयार झाली. टंकलेखन करणाऱ्या हेर्मीबाईंनी ती माझ्या अंगावर उमटवताना बोकालकडून ऐकलेलं सगळं शेजारणीला सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. बोकालनी नेहमीचा प्रश्न विचारला. सिदाय म्हणाली, होता माणसासारखा माणूस, आणखी काय. मग ती कॉफी ढवळत राहिली. आणि मग बोलायला लागली, ती कॉफी उतू जाईपर्यंत थांबली नाही.

त्यातून माझे चार ज्याअर्थी झाले. पहिला त्याच्या धंद्याचा. दुसरा असा की शेजारच्या विधवा त्रिनिंगच्या पायरीवर एक मासा ठेवल्याशिवाय तो कधी घरी आला नाही, आणि दार कधी वाजवलं नाही, म्हणजे तिला आभार मानावे लागू नयेत. तिसरा असा की रविवार सोडला तर तो माडी पीत नसे. आणि चौथा, तो जसाच्या तसा सांगतो:

"ज्याअर्थी, सदर इसमाच्या पावलांचा आवाज शिडीवर आला म्हणजे आपला जीव भांड्यात पडत असे, आणि हे आपण त्यास कधी सांगितले नाही, असे त्याच्या पत्नीचे म्हणणे आहे..."

सोमवारी मी एकमताने संमत झालो. शोकप्रस्तावाला विरोध करायची आमच्याकडे पद्धत नाही. मेलेल्याच्या घरी मतं असतात.

अम्बो त्या वेळी बाहेरच्या एका लहान बेटावर होता. वादळाने त्याला तिथे नेऊन टाकलं होतं. तिथे त्याचा एक जुना मित्र गळक्या होडीपाशी हताश बसलेला सापडला, म्हणून अम्बो ती दुरुस्त करत बसला. फोन तिथे लागत नाही. घरी आपली काळजी करत असतील असं त्याला वाटलं नाही, कारण घरी कुणी आपली काळजी करतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तो परतला तो नेमका नवव्या दिवशी, दुपारी, भर प्रार्थनेत. अंगात मित्राच्या मुलाचा बास्केटबॉलचा बनियन, पाठीवर भलत्याच खेळाडूचं नाव. लोक किंचाळले, दोघीजणी खुर्चीवर चढल्या. अम्बोने आपला फोटो पाहिला, मेणबत्त्या पाहिल्या, जेवणाची ताटं पाहिली, आणि विचारलं, "माझं डुक्कर कुणी कापलं?"

सिदायने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी पाय धू," ती म्हणाली. "घर आत्ताच झाडलंय."

आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांड्यांवर भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

तेवढ्यात बोकाल पोरोंग यांची जीप आली. मी त्यांच्या हातात होतो: नवी चौकट, नवी काच, सोनेरी फीत. दुसऱ्या एका मयतावरून येताना त्यांना उशीर झाला होता. ते मान खाली घालून आले, कारण अशा घरी मान खालीच घालायची असते, आणि थेट टेबलापाशी जाऊन वाचायला लागले. वाचन सुरू झाल्यावर मध्ये बोलणं आमच्याकडे फार वाईट समजतात. कुणी बोललं नाही. अम्बोनेही बनियन खाली ओढून मान झुकवली आणि मागच्या रांगेत उभा राहिला.

पहिला ज्याअर्थी झाला. दुसऱ्याला त्रिनिंगने डोळे पुसले. तिसऱ्याला पत्ते खेळणाऱ्यांतला एकजण खोकला. चौथा वाचताना बोकालचा आवाज, रेडिओवर व्हायचा तसा, जरासा खाली आला.

अम्बोने शेजारच्याला हळूच विचारलं, "हे कोण म्हणालं?"

"तुझी बायको."

"माझी?"

"दुसरी कुठली आहे का?"

बोकालनी आत्म्याच्या शांतीचा परिच्छेद संपवला, चष्मा काढला, वर पाहिलं आणि त्यांना सत्कारमूर्ती दिसली. मग पुढे होऊन, जन्माची सवय, त्यांनी अम्बोचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, "अभिनंदन, मानोंग." आणि मला त्याच्या हातात दिलं. मानोंग म्हणजे थोरले भाऊ. शोकप्रस्ताव ज्याचा त्यालाच दिला गेल्याची आमच्या प्रांतातली ती पहिली वेळ.

माझे कौतुकाचे दिवस त्या दुपारपासून सुरू झाले. अम्बोला वाचता येत नव्हतं. जो कुणी घरी येई त्याला तो माझ्यापुढे उभा करी आणि म्हणे, चौथा वाच. पाद्रीबाबांनी वाचला, बर्फवाल्याने वाचला, जनगणनेला आलेल्या मुलीने वाचला. फक्त सिदायने वाचला नाही. तिला सहावीपर्यंतचं शिक्षण होतं, ती चांगलं वाचायची. ती म्हणायची, ते सगळं बोकालने पदरचं घातलंय. कधी भांडण पेटलं की अम्बो नुसतं माझ्याकडे बोट दाखवायचा. त्यावर सिदायचं उत्तर ठरलेलं असे.

"ते मेलेल्या माणसाबद्दल होतं. तू मेलास का?"

मग संकट आलं. आमच्या प्रांतात मेलेली माणसं मतदान करतात अशी तक्रार नेहमीचीच. पण अम्बोच्या बाबतीत कारकुनांनी इतकी तत्परता दाखवली की माझ्या आधारावर जिवंत माणसाचं नाव यादीतून उडवलं. ही बातमी मंडळात पोचली. बोकाल इमेन तुगादे म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका तिथे सभासद होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मंडळाच्या दप्तरात धडधडीत खोटं राहू शकत नाही; हा ठराव रद्द करावा आणि त्याची प्रत परत मागवून नष्ट करावी.

त्यांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. मी खोटा होतोच. जन्मापासून मला ते ठाऊक होतं.

सुनावणीला अम्बो मला बगलेत धरून निघाला. सिदाय आली नाही. चार लोकांत तो चौथा वाचला जाणार, या लाजेने तिने दोन दिवस दार उघडलं नव्हतं. सभागृहात पंखे फिरत होते. अम्बोने लग्नातला सदरा घातला होता आणि तो पोटावर बसत नव्हता. त्याला बोलायची परवानगी मिळाली. ध्वनिक्षेपकाला तो घाबरला, म्हणून दोन पावलं मागे सरून बोलला.

"बाई, यात एकच गोष्ट खोटी आहे, मी मेलो ही. ती खोडा. बाकी माझ्या बायकोने सांगितलंय. तिने ते पुन्हा सांगायचं नाही असं ठरवलंय. हा कागद गेला तर ती काही बोललीच नव्हती, असं होईल."

बोकाल पोरोंग जागे होते. त्यांनी दुरुस्ती मांडली: 'दिवंगत' हा शब्द आणि आत्म्याच्या शांतीचा परिच्छेद वगळावा, बाकी मजकूर कायम ठेवावा. अध्यक्षांनी विचारलं की शेवटी पत्नीप्रति सहवेदना व्यक्त केली आहे, तिचं काय करायचं? तीही निघायला हवी.

बोकाल इमेन यांनी चष्म्यावरून अम्बोकडे पाहिलं. "ती राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता तर तिला जास्तच गरज आहे."

एकमताने संमत. माझ्या अंगावर शाईच्या दोन रेघा ओढल्या गेल्या, शेजारी सह्या झाल्या. दुखलं थोडं. पण मित्रांनो, त्या दिवसापासून मी पूर्ण खरा आहे, आणि हे आमच्या दप्तरातल्या फार थोड्या कागदांना म्हणता येईल.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये बोकालनी विचारलं, आता खूश ना मानोंग? अम्बो मला मांडीवर धरून बसला होता. मग म्हणाला, "एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय, बोकाल. बाकी काही नको."

"तेवढं माझ्याच्याने होणार नाही," बोकाल म्हणाले. "सभागृहात मला सगळी मतं मिळाली. हे एक मत मला फिरवता येत नाही."

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. सुनावणीची गोष्ट गावोगाव पसरली, आणि बाजारात मासेवाल्या सिदायला विचारायला लागल्या, काय गं, भांडं भरलं का? एके दिवशी तिने औषधाच्या दुकानातलं एक मोठं कॅलेंडर आणलं आणि बरोबर माझ्यावर टांगलं. महिना बदलायचं काम मात्र अम्बोने स्वतःकडे घेतलं. पान उलटण्याच्या निमित्ताने तो कॅलेंडर उचलायचा, माझ्याकडे बघायचा आणि परत ठेवायचा. अक्षर कळत नव्हतं; पण चौथा कुठे सुरू होतो ते त्याने काचेवर खिळ्याने खूण करून ठेवलं होतं.

बोकाल पोरोंग यांची नऊ वर्षं पूर्ण झाली. त्यापुढे तीच जागा लढवता येत नाही, म्हणून ते उपराज्यपालपदाला उभे राहिले; आमच्याकडे तेही मतांवरच मिळतं. गावागावांत त्यांचे फ्लेक्स लागले: हसरा चेहरा, आणि खाली त्यांच्या कामाचा तपशील. तपशील मुख्यतः मेलेल्यांचाच होता. विरोधकांनी प्रचारात विचारलं, या माणसाने जिवंत माणसासाठी काय केलं? एकाच माणसासाठी, तेही त्याला आधी मारून. लोक पोट धरधरून हसले आणि बोकाल पडले. फ्लेक्स त्रिनिंगने नेला. तिच्या डुकरांच्या खोपटावर अजून आहे. बोकाल तिथून सगळ्या डुकरांकडे सारख्याच आपुलकीने बघतात.

पुढच्या एका वादळात कचेरीच्या दप्तरखान्याचं छप्पर उडालं, आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या ठरावांचा लगदा झाला. काही महिन्यांनी ते एकटेच आमच्याकडे आले. जीप नव्हती, चालत आले. केस पांढरे झाले होते. सिदायने भात आणि सुकी मासळी वाढली. जेवल्यावर त्यांनी संकोचत विचारलं, तो ठराव अजून आहे का, बघायचा होता. तिकडे काहीच उरलेलं नाही.

सिदाय उठली आणि तिने कॅलेंडर बाजूला केलं. बोकालनी मला वाचलं, पण मनातल्या मनात. मग ते म्हणाले की येताना वाटेत आणखी दोन घरांत त्यांचे ठराव भिंतीवर दिसले. एकाच्या चौकटीवर मुलीला शाळेत मिळालेला मानाचा पट्टा अडकवला होता. सांगताना त्यांना बरं वाटत होतं. मला तेव्हा कळलं की त्यांचं दप्तर कचेरीत कधी नव्हतंच. ते या भिंतींवर होतं, खिळ्याखिळ्याने वाटलेलं.

ते गेल्यावर कॅलेंडर परत माझ्यावर आलं.

आणि आता ती दुपार. अम्बो पहाटे गेला होता आणि सकाळीच यायचा होता. वारा उठला होता. किनाऱ्यावरून बाकीचे कोळी आपापल्या घरी गेलेले सिदायने खिडकीतून पाहिले. ती दारापाशी गेली, परत आली, भात झाकला, परत दारापाशी गेली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कॅलेंडर तिने काढलं, दुमडलं नाही, जमिनीवर टाकलं. झग्याच्या टोकाने काच पुसली, आणि वाचायला लागली. मोठ्याने, शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द सुटा. पहिला, दुसरा, तिसरा.

तेव्हा मला अम्बो दिसला. मी दारासमोरच्या भिंतीवर आहे, मला खालची वाट दिसते. तो भिजून चिंब, अनवाणी, वाळूतून येत होता, आणि वाळूत पावलं वाजत नाहीत. शिडीच्या पहिल्या पायरीवर त्याने पाय ठेवला, आणि वरून आवाज आला:

"ज्याअर्थी, सदर इसमाच्या पावलांचा आवाज शिडीवर आला म्हणजे आपला जीव भांड्यात पडत असे, आणि हे आपण त्यास कधी सांगितले नाही..."

अम्बो थांबला. एक हात शिडीला धरून तो खाली मान घालून उभा राहिला. तिने वाक्य संपवलं आणि तेच पुन्हा सुरू केलं, या वेळी जरा घाईने. तो ऐकत राहिला. मग त्याने पाय अलगद मागे घेतला, वाट धरून पार माडापर्यंत मागे गेला, थोडा वेळ थांबला, मोठ्याने खोकला, आणि परत येऊन धाप धाप पावलं वाजवत शिडी चढला. इतकी की माझ्या मागच्या पाली पळाल्या.

पहिल्या पावलाला सिदायचे खांदे खाली आले. ते फक्त मी पाहिलं. तो दारात येईपर्यंत कॅलेंडर खिळ्यावर होतं.

"काय वेळ झाली ही यायची?" ती म्हणाली. "भात गार झाला. आधी पाय धू."

अम्बो पाय धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

मित्रांनो, त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. त्याने तिला कधी सांगितलं नाही, आणि मीही बोलणार नाही. तुम्हीही त्या बाजूला गेलात तर गप्प राहा. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा कागद असेल तर त्याला ओल लागू देऊ नका, वाळवी लागू देऊ नका, अधूनमधून काच पुसा. आणि जमलं तर आणखी एक करा. कुणाच्या पावलांनी तुमचा जीव भांड्यात पडत असेल, तर ते त्याला सांगून टाका. त्याला ठराव लागत नाही, शिक्का लागत नाही, अनुमोदकसुद्धा लागत नाही.

कॅलेंडर अजून माझ्यावरच आहे. पण अलीकडे सिदायने कॅलेंडरचा खिळा उपटून थोडा वर ठोकला आहे. आता चौथा ज्याअर्थी उघडा असतो.